चाळिसाव्या दिवसापर्यंत

स्क्रीनवरच्या पोरसवदा डॉक्टरकडून शिकायचं म्हणजे रुझिकाबाईंच्या कपाळाला आठी. मोरावा नदीकाठच्या त्या मनोरुग्णालयात बाईंनी तीस वर्षं काढलेली. दर मंगळवारी अकरा वाजता नोवी साद शहरातून डॉक्टर वुकाशिन स्क्रीनवर उगवायचा आणि मनोरुग्णांची सिगारेट कशी सोडवायची, हे पाच गावांतल्या नर्सना शिकवायचा. वय वर्षं बत्तीस! त्यात अकरा ही बाईंची कॉफीची वेळ, आणि सिगारेटशिवाय कॉफी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. मग "इंटरनेट गेलं बघा" म्हणत त्या कॅमेरा बंद करायच्या आणि मागच्या पायरीवर जाऊन बसायच्या.

वुकाशिनही काही कमी नव्हता.

"सिस्टर, तुमच्याकडचं इंटरनेट बरोबर सात मिनिटं जातं. फारच शिस्तीचं आहे हो."

"लेकरा, तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी या लोकांना सांभाळतेय."

"तरीच सगळे दिवसाला दोन-दोन पाकिटं ओढतात."

बाकीच्या गावांतल्या नर्स खुदुखुदु हसल्या. कोण कोण हसलं ते बाईंनी नीट लक्षात ठेवलं.

पण टोमणा वर्मी बसला होता. शहाण्यासारखं वागलं की सिगारेट, रडू आलं की सिगारेट, ही वॉर्डातली पद्धत बाईंनीच पाडलेली. त्यामुळे तिहोमिर जेव्हा म्हणाला, "सिस्टर, मला सोडायचीय," तेव्हा त्यांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तिहोमिर एक्कावन्न वर्षांचा. कानात आवाज येण्याचं दुखणं विशीपासूनचं. त्याच्या बहिणीला, ल्युबिंकाला, नुकतीच नात झाली होती. चाळीस दिवस होईपर्यंत बाळ पाहुण्यांच्या हातात द्यायचं नाही, ही तिकडची रीत. ल्युबिंकाने त्याला फोनवर बजावलं होतं, "चाळिसाव्या दिवशी ये, मांडीवर घे. पण अंगाला धुराचा वास आला, तर दारातूनच परत." मांडीवर घे! तिहोमिर आला की लोक आपापली पोरं उचलून आतल्या खोलीत न्यायचे. आजवर त्याच्या हातात कुणी बाळ दिलंच नव्हतं.

दंडाला निकोटिनची पट्टी चिकटवून गड्याने नऊ दिवस काढले. एक झुरका नाही. दहाव्या दिवशी मात्र तो सुपाच्या ताटलीवरच पेंगला. तोंडातून लाळ, चालताना झोकांड्या, शर्टाचं बटण लावता येईना. सिगारेट सुटल्यानेच हे होतंय, असं बाईंनी ठरवून टाकलं. मरो तो वास, दुरून बघेल बाळ! त्यांनी स्वतःच्या पाकिटातली सिगारेट काढून त्याच्या बोटांत दिली.

"नको... बाळ..." तिहोमिर जड जिभेने म्हणाला.

"ओढ रे राजा, एकच," म्हणत बाईंनी लायटर काढला.

"सिस्टर, तो लायटर खाली ठेवा."

मंगळवार होता. टेबलावरचा स्क्रीन चालूच होता.

"आग लागो तुझ्या शिकवणीला!" बाई कडाडल्या, पण आवाज मध्येच फुटला. "माझा माणूस डोळ्यांदेखत बुडतोय, आणि तू मला लायटरचं सांगतोस?"

वुकाशिनने या वेळी थट्टा केली नाही. "औषध कुठलं चालू आहे?"

"क्लोझापीन. नेहमीचाच डोस."

"तिथेच घोळ झालाय. सिगारेटचा धूर ते औषध शरीरातून भराभर हाकलतो. धूर थांबला की तोच डोस भलताच चढतो. त्याला सिगारेट नकोय, गोळी कमी करायला हवीय. तुमच्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता बोलवा, रक्त तपासायला घ्या." मग जरा हळू म्हणाला, "दुसऱ्या मंगळवारी मी हेच शिकवलं होतं."

"तेव्हा मी..."

"हो. इंटरनेट गेलं होतं."

या वेळी कुणीच हसलं नाही. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण रडत बसायला वेळ नव्हता. त्या डॉक्टरांना बोलवायला धावल्या.

डोस उतरला, तसा तिहोमिरही हळूहळू माणसात आला. आठवड्याभरात सूप पांचट आहे म्हणून कुरकुरायला लागला, तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला.

चाळिसाव्या दिवशी बाई स्वतः त्याला बसने बहिणीकडे घेऊन गेल्या. ल्युबिंकाने दारातच भावाची कॉलर हुंगली, केस हुंगले, एकेक बोट हुंगलं. मग बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. तिहोमिर खांबासारखा ताठ.

"अरे, श्वास तरी घे!" बाई म्हणाल्या. त्याने श्वास घेतला आणि डोळे वाहायला लागले. बाईंचेही वाहायला लागले. नाक पुसून त्यांनी हात पुढे केले. "आण, आता माझ्याकडे दे."

ल्युबिंका झटकन मध्ये आली. "राग मानू नका, सिस्टर. तुम्ही जरा तिकडे, खिडकीशी बसा."

सकाळी अंघोळ केली होती, अत्तर लावलं होतं, पुदिन्याच्या गोळ्या चघळल्या होत्या. बाईंचा चेहरा लालबुंद झाला. तीस वर्षांत अशी लाज वाटली नव्हती.

"पहिले तीन दिवस फार वाईट जातात, सिस्टर," बाळावरची नजर न काढता तिहोमिर म्हणाला. "घाबरू नका. मी आहेच वॉर्डात."

"मोठा शहाणा झालास," बाई म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. तिथून बाळाचा नुसता एक पाय दिसत होता.