नाक दाबलेला गोळा

मी एका जुन्या जीपचा मागचा गोळा बोलतोय. पुस्तकात माझं नाव डिफरन्शियल आहे. ते कोल्हापुरात कुणाच्या जिभेवर धड बसलं नाही, म्हणून माझा मालक धोंडीराम मला गोळा म्हणू लागला. इंजिनाकडून आलेला जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटून द्यायचा, हे माझं काम. दसऱ्याला हार इंजिनाला, आणि मी खाली चिखलात. त्याचं मला काही नाही. वरून माणसं कशी दिसतात ते मला ठाऊक नाही, पण खालून ती फारशी चांगली दिसत नाहीत.

मी जन्मलो साता समुद्रापार, लढाईच्या धामधुमीत. लढाई संपली, जीप जुनी झाली आणि साठ सालानंतर लष्कराच्या लिलावात ती धोंडीरामच्या गळ्यात पडली. तो तिच्यातून जोतिबाच्या डोंगरावर भाविकांची ने-आण करू लागला. सहा माणसांच्या जीपमध्ये तो बारा कोंबायचा आणि वर मिशीला पीळ द्यायचा. ओढत होतो मी.

माझ्या पोटात दात्यांची चक्रं आहेत आणि ती बुडतील एवढं दाट तेल. फिरता दांडा जिथून आत शिरतो तिथे तेल अडवायला रबराची एक कडी असते. तिला सील म्हणतात. माझ्या माथ्यावर बोराएवढं एक बोंड आहे, त्याला बारीक भोक. चढावर मी तापलो की आतली हवा फुगते आणि त्या भोकातून निघून जाते. सील म्हणजे माझं तोंड समजा, बोंड म्हणजे नाक. यात न कळण्यासारखं काय आहे? पण ते तिघा शहाण्यांना कळलं नाही.

पहिली शहाणी धोंडीरामची बायको सरुबाई. बाई मनाची चांगली, पण हाताला शेंदराची भारी हौस. पहिल्याच खंडेनवमीला गाडी धुऊन झाल्यावर ती मागून वाकली आणि तिला माझं बोंड दिसलं.

"अवो, हितं बगा की. बारका देव हाय," ती म्हणाली.

"आसंल," धोंडीराम म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं.

झालं. तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट माझ्या नाकावर बसलं. मग दर खंडेनवमीला एक थर. शेंदूर वाळून दगड झाला आणि भोक बुजलं. आता फुगलेली हवा जाणार कुठे? ती तेलाला रेटू लागली आणि तेल सीलच्या कडेने गळू लागलं. अंगणात मी उभा असेन तिथे काळा डाग पडू लागला.

सील बदलायला आला दुसरा शहाणा, बाळासो. उद्यमनगरात त्याची गॅरेजची शेड होती आणि तो सरुबाईचा सख्खा भाऊ. हात चांगला, मस्ती त्याहून चांगली. त्याने मला रॉकेलने धुऊन लख्ख केलं, नवं सील बसवलं. बोंडापाशी मात्र फडकं थांबलं. अक्काने लावलेला शेंदूर, देवाचं काम. तो कसा खरवडायचा? पठ्ठ्याने उलट त्याला हात जोडले. महिना गेला आणि मी पुन्हा गळायला लागलो. त्याने पुन्हा सील बदललं, मी पुन्हा गळलो. तो रबराला शिव्या घालायचा, धोंडीराम त्याला, आणि माझं नाक दाबलेलंच.

शेवटी चैत्रातल्या यात्रेत व्हायचं ते झालं. तेल संपत आलेलं, गाडी गच्च भरलेली. डोंगराच्या निम्म्यावर माझे दाते एकमेकांना खाऊ लागले आणि गाडी थांबली. भाविक गुलालाच्या पुड्या घेऊन उतरले. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "पावणं, ह्यापरास आमची बैलगाडी बरी."

तो अपमान धोंडीरामने उद्यमनगरात नेऊन रिकामा केला.

"हलकं सील घातलंस. बहिणीच्या घराला लुबाडतोस व्हय रं?"

"दाजी, तोंड सांबाळून बोला. हातात पाना हाय माज्या."

पाना उगारला गेला नाही, पण त्याहून वाईट झालं. धोंडीराम घरी आला आणि बायकोला म्हणाला, "आजपास्नं त्या घराचा उंबरा तुला बंद. ह्या घराचा त्याला." आईबाप कधीच गेलेले. त्या बाईला माहेर म्हणून तो एक भाऊ होता, आणि ते माहेर एका रबराच्या कडीवरून गेलं. नागपंचमीला तिला न्यायला कुणी येईना. भाऊबीजेला धडधाकट भाऊ गावातच असताना ती अंगणात येऊन चंद्राला ओवाळायची. दुसरीकडे नवे दाते बसवून घेतलेला मी शेजारीच, तरीही गळत, उभा असायचो. या माणसांची मला तेव्हापासून जी शिसारी बसली ती बसलीच.

अशी काही वर्षं गेली. एकदा आषाढात धोंडीराम भाडं घेऊन गडहिंग्लजला गेला. तिथला एक मिस्त्री गळती बघायला खाली शिरला, हसला आणि त्याने खिळ्याने माझं बोंड टोकरलं. फुस्स करून हवा सुटली. काय सुख झालं म्हणून सांगू.

"नाक दाबलं की तोंड उघडणारच की, पावणं," मिस्त्री म्हणाला. "सीलाचा काय दोष न्हाय."

धोंडीरामचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता हा तडक उद्यमनगरात जाईल. तो घरी आला, जेवला आणि झोपला. तिसरा शहाणा हा, आणि तिघांत नीच. पंचमी आली, गेली. तो बोलला नाही. मेव्हण्यापुढे मान खाली घालण्यापेक्षा बायकोचं माहेर बुडालेलं त्याला परवडलं.

खंडेनवमीला सरुबाई वाटी घेऊन मागे वाकली.

"तितं लावू नगं," तो घाईने म्हणाला.

"का?" ती बोंडाकडे बघत राहिली. ते खरवडलेलं होतं. मग तिने अंगणाकडे पाहिलं. जमीन कोरडी होती. बाई अडाणी होती, मूर्ख नव्हती.

"माज्या बोटानं हुईत हुतं व्हय?"

"व्हय."

"तुमास्नी कवापास्नं ठावं?"

"आखाडापास्नं."

तिने शेंदराची वाटी खाली ठेवली. "माजं बोट आडाणी हुतं," ती म्हणाली. "तुमचं तोंड तर शाणं हुतं न्हवं?"

आणि बोट पदराला पुसून ती चालत भावाकडे निघून गेली.

दसरा झाला तरी ती आली नाही. भाकरीविना हाल झाले तेव्हा धोंडीराम जीप घेऊन शेडपाशी गेला. खाली उतरला नाही, नुसता हॉर्न वाजवला. बाळासो बाहेर आला, गाडीखाली शिरला आणि माझ्या सीलवरून बोट फिरवलं. ते कोरडं बोट त्याने धोंडीरामच्या नाकासमोर धरलं.

"बोला, दाजी."

धोंडीराम समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिला. एक शब्द. एका शब्दाचं काम होतं.

सरुबाईने तेवढा वेळ वाट पाहिली. मग भावाच्या तोंडावरून हात फिरवला, "पंचमीला माजी मी येत जाईन," म्हणाली आणि जीपमध्ये चढली. पुढे नवऱ्याशेजारी नाही, मागच्या बाकावर, माझ्या बरोबर वर.

जीप विकेपर्यंत ती तिथेच बसली. पंचमीला, भाऊबीजेला चालत जायची, चालत यायची. नवऱ्याबरोबर कुठे जायचं झालं तर मागचा बाक. पुढची जागा रिकामी. लोक विचारू लागले तेव्हा त्या गृहस्थाने तिथे तेलाचा डबा ठेवला.

आता मी भंगारात आहे. पोटात तेलाऐवजी पावसाचं पाणी आहे. लवकरच मला वितळवतील. माझे विळे करा, खिळे करा, तवा करा. जे कराल ते मुकाट्याने होईन. फक्त मला देव करू नका, आणि कुणा पुरुषाची इभ्रत माझ्यावर लादू नका. बारा माणसं घेऊन मी जोतिबा चढलो आहे. ते ओझं मात्र मला कधी ओढवलं नाही.