चाकावरच्या घराची दिशा

मुलीकडच्यांनी मुलाचं घर पाहायला यावं, यात माझं काही म्हणणं नाही. रीतच आहे. पण होकायंत्र घेऊन यावं?

समता कॉलनीतले श्यामराव आले तेव्हा त्यांच्या एका हातात पेढ्यांचा डबा होता आणि दुसऱ्या हातात होकायंत्र. मागे त्यांची मुलगी यामिनी. आणि आमचं घर म्हणजे सिलतऱ्याच्या बाजूला सायडिंगवर, मुख्य रुळाशेजारच्या रुळावर, उभा असलेला रेल्वेचा कॅम्प कोच. आम्ही रुळाखालची गिट्टी ठोकून रूळ सरळ करणाऱ्या मशीनवरची माणसं. मशीन जिथं जाईल तिथं तिच्यामागे हा डबा, आणि डब्यात आम्ही. झोपायच्या फळ्या, चूल, न्हाणी, सगळं आत. आज सिलतरा, उद्या तिल्दा, परवा देव जाणे.

आमच्यातल्या सौमित्रला यामिनी पसंत होती आणि यामिनीला सौमित्र. आता फक्त बापाचा होकार राहिला होता. याआधी आलेली स्थळं "मुलगा चांगला आहे, पण घर कुठंय?" एवढं विचारून गेली ती गेलीच. पोराला आईबाप नाहीत, म्हणून वडीलधारा मी, नरहर. हे स्थळही हातचं गेलं तर हा जन्मभर भैय्यालालच्या हातचा भात खाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. भैय्यालाल आमचा स्वयंपाकी. तो भात मी रोज खातो, म्हणून अधिकारानं बोलतो.

तयारीत आम्ही काही कमी ठेवलं नव्हतं. दाराला आंब्याचं तोरण, पायरीशी रांगोळी. गिट्टीवर रांगोळी कधी काढून पाहा. ओतली तेवढी दगडांच्या फटीत गेली. भैय्यालालनं हट्टानं अख्खी पिशवी रिकामी केली आणि शेवटी एक पांढरा दगड तयार झाला.

श्यामरावांनी त्या दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणालो, "क्वार्टर मिळनार हाये सौमित्रले, अर्ज केला हाये."

"क्वार्टर मिळंन तवा मिळंन," ते म्हणाले. "आज पोट्टा कुठं राह्यते ते दाखवा."

ते डब्याच्या मधोमध बसले, मांडीवर होकायंत्र ठेवलं आणि मान हलवू लागले. चहा आला, गार झाला. शेवटी म्हणाले, "चूल वायव्येले हाये."

"मंग?"

"वायव्य म्हंजे वाऱ्याची दिशा. अशा घरात स्थिरता नसते, नरहरराव. घर एका जागी टिकत नाही."

डबा चाकांवर उभा होता. चाकांखाली रूळ होते. आणि दोष निघाला चुलीचा! माझ्या ओठांवर असं काही आलं होतं, की सौमित्रनं मागून माझा शर्ट ओढला. मी ते गिळलं.

"कुठं पायजे चूल?"

"आग्नेयेले. बरोब्बर उलट."

"मंग घरच फिरवून देतो," मी म्हणालो.

रागात म्हणालो खरं, पण ते अवघड नव्हतं. मशीनचं तोंड त्या दिवशी तसंही फिरवून घ्यायचं होतं. इंजिनं फिरवायला तीन फाट्यांचा त्रिकोणी रूळ असतो. एका फाट्यानं जायचं, दुसऱ्यानं मागं यायचं, की मुंडकं तिकडचं इकडं. त्यात डबाही फिरतो. श्यामराव म्हणाले, मी आतच बसतो. मग आम्ही घर घेऊन निघालो. वाटेत भैय्यालालनं पोहे केले. खिडकीतून कारखान्यांची धुराडी आधी डावीकडे होती, मग समोर आली, मग उजवीकडे गेली. परत सायडिंगला आलो तेव्हा घराचं तोंड पूर्ण उलट झालं होतं.

श्यामरावांनी होकायंत्र पाहिलं.

"वायव्य," ते म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. सूर्य या खिडकीतून त्या खिडकीत गेला होता, आणि या गृहस्थाची चूल जागची हलली नव्हती! सौमित्रचा चेहरा तर उतरूनच गेला.

यामिनी उठली आणि चुलीकडच्या फळीखाली वाकली. तिथं आमची लोखंडी पेटी असते, जॅक आणि पाने भरलेली. तिनं पेटीकडे पाहिलं, बाबांच्या मांडीवरच्या सुईकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "काका, ये पेटी उधर सरका दो ना. त्या टोकाला."

"हव दीदी," म्हणत भैय्यालालच पुढे झाला. आम्ही सगळ्यांनी मिळून ती पेटी डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. मध्ये श्यामराव होते. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले, पेटी जाऊ दिली, पाय खाली ठेवले. मांडीवरची सुई पेटीमागोमाग वळली.

"आग्नेय," श्यामराव गंभीरपणे म्हणाले. "सुधारना झाली."

पण होकार? तो नाहीच. पेढ्यांच्या डब्याची दोरीही सुटली नव्हती. तेवढ्यात वरून निरोप आला, मशीन भाटापाऱ्याकडे न्या, लगेच. श्यामराव आणि यामिनी खाली उतरले आणि गिट्टीवर उभे राहिले.

"आता कोनता दोष राह्यला?" मी दारातून विचारलंच. माझा धीर संपला होता.

त्यांनी दाराचा दांडा धरला. "दोष नाही जी. हिची आई गेली तवापासून मी घरात दोषच शोधून राहिलो. माह्या घरात एक नाही सापडत. सगळं जागच्या जागी हाये. पोट्टी गेली का तितं मी एकटाच."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मशीननं शिट्टी दिली. जगाची रीत अशी, की सासर जागेवर असतं आणि मुलगी निघते. इथं मुलगी जागेवर उभी होती आणि सासर निघालं होतं. श्यामराव डब्याबरोबर चार पावलं चालले, मग दांडा सुटला आणि ते पाठवणीला रडतात तसे ढसाढसा रडू लागले. यामिनी त्यांना धरून रडत होती. दारात सौमित्र रडत होता. भैय्यालालही रडत होता, त्याला तर कुणीच काही सांगितलं नव्हतं.

आम्ही बरेच पुढे गेल्यावर श्यामरावांनी पेढ्यांचा डबा डोक्यावर धरून हाक दिली, "नरहरराव! लग्नाच्या दिवशी घर इथंच आनजा! नाही तं पोट्टी पाठवू कुठं?"

डबा कुठं न्यायचा, हे माझ्या हातात कधीच नव्हतं. तरी मी जीव काढून ओरडलो, "आनतो!"