सात पौंडांचा क्रौंच

आर्डिसचा कॅमेरा आणि त्याचं लांब भिंग मिळून वजन भरे सात पौंड. दर मार्चमध्ये थव्यांनी प्लॅट नदीवर उतरणारा एखादा क्रौंचही साधारण तेवढाच भरतो. वर्षानुवर्षं तिनं हे ओझं गळ्यात वागवलं, आणि ते जड आहे असं तिच्या कधी मनातही आलं नाही. जानेवारीत अंगणातल्या बर्फावरून पाय घसरला आणि गळ्याखालचं डावं हाड मोडलं. हाड सांधलं, पण त्यावर पट्टा टेकला की कळ थेट दातांपर्यंत जाई.

"देऊन टाक तो ब्रेनाला," एल्डन, तिचा नवरा, म्हणाला. ब्रेना म्हणजे लिंकनला राहणारी भाची. "पोरगी केव्हापासून डोळा ठेवून आहे."

"आणि मी काय करू? मोजे विणू?"

"मग मी उचलतो की तुझा कॅमेरा."

"तू? पक्षी बघायच्या लपणात बसल्या बसल्या घोरतोस तू. मागच्या खेपेला शेजारच्या बाईला वाटलं, नदीत बैल शिरला."

एल्डन हसला, पण त्यानं हट्ट सोडला नाही. शेवटी ठरलं ते असं: या मार्चमध्ये तिनं कॅमेरा एकटीनं लपणापर्यंत न्यायचा आणि एकटीनंच परत आणायचा. वाटेत एल्डनच्या हातात द्यावा लागला, तर तो ब्रेनाचा.

आर्डिसनं मान डोलावली. करड्या थव्यांमध्ये दरसाल एक फिकट, साईच्या रंगाचा क्रौंच येई. दरवेळी तो दूरच्या वाळूपट्ट्यावर उतरे, फोटोत नुसता ठिपका दिसे. त्याचा एक तरी धड फोटो मिळाल्याशिवाय कॅमेरा हातचा घालवायचा नव्हता.

कर्नी गावातल्या दुकानात तिनं तीन पट्टे अंगावर चढवून पाहिले. पहिला तिरका, उजव्या खांद्यावरून कमरेशी येणारा. पण चालताना कॅमेरा मांडीवर आपटे आणि प्रत्येक आपटण्याबरोबर पट्टा मानेकडे सरके. दुसरा दोन्ही खांद्यांवरून जाणारा, नेमका त्या हाडावर टेकला. तिसऱ्याला छातीवर मऊ गादी होती, कमरेला रुंद पट्टा होता, आणि खांद्यांवरच्या पट्ट्या जेमतेम टेकत होत्या. कॅमेरा गादीवर ठेवायचा, वरून कापडी झडप ओढून दाबायची. वजन खांद्यांना न विचारताच कमरेवर उतरलं.

"घोडीवर खोगीर चढवल्यासारखं दिसतंय," एल्डन म्हणाला.

"घोडीची तक्रार नाहीये ना? मग झालं तर."

ती डोळे मिटून दुकानाच्या मधोमध उभी राहिली. मागून कुणी तरी येऊन ओझ्याखाली अलगद हात धरावा, तसं वाटत होतं.

घरी तिनं तो पट्टा घालूनच भांडी घासली. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्नात एक क्रौंच तिच्या छातीवर मान पंखांत खुपसून झोपला होता. त्याची ऊब तिच्या बरगड्यांत झिरपत होती, आणि तो जागा होऊ नये म्हणून ती हळू श्वास घेत होती. जाग आली तेव्हा हात कॅमेऱ्यावर होता, आणि श्वास अजून तसाच हळू चालला होता.

त्या आठवड्यात ती दोघं संध्याकाळच्या लपणाला गेली. इतकी वर्षं लोकांना तिथं आत नेण्याचं काम आर्डिसच करायची. यंदा ते ग्वेनकडे होतं. गवताच्या वाटेवर सगळ्यांना थांबवून ग्वेन दबक्या आवाजात म्हणाली, "फोन बंद. आणि कुणाच्या खिशाला, पिशवीला वेल्क्रो असेल तर इथंच फाडून मोकळं करा. आत एक चर्र झालं, तर आख्खी नदी उठेल."

वाक्य आर्डिसचंच होतं. ग्वेनबरोबर तिचे ओठही हलले. आजूबाजूला चर्र, टर्र झालं. तिनं आपल्या कोटावरून हात फिरवला. सगळी बटणंच होती. आतमध्ये, छातीवर, आणखी काही आहे हे त्या क्षणी तिच्या ध्यानातच नव्हतं.

लपण म्हणजे फळ्यांची लांबट खोली, भिंतीला छोट्या खिडक्या, जमिनीवर पेंढा. अंधार पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, बाहेर जायचं नाही. सूर्य टेकला आणि आभाळातून थव्यांची ती गुरगुर उतरू लागली, आधी दूर, मग छपरावर, मग सगळीकडे. लांब पाय खाली सोडून पक्षी तरंगत आले, उथळ पाण्यात उभे राहिले. नदी करडी झाली, मग जांभळी.

आणि तो उतरला. साईच्या रंगाचा, खिडकीसमोर, पायाखालची वाळू दिसेल इतक्या जवळ.

आर्डिसनं कोटाची बटणं सोडली. बोटं झडपेच्या कडेशी गेली आणि तिथंच थबकली. झडप वेल्क्रोची होती, वीतभर रुंद. तिनं नखानं कोपरा किंचित उचलला. बारीकसं चर्र झालं. फिकट क्रौंचानं मान ताठ केली.

कातरवेळी घाबरून उठलेले थवे विजेच्या तारांवर आदळतात, हे तिनं किती तरी जणांना सांगितलं होतं. तिनं तळवा झडपेवर दाबून धरला आणि तो हलवला नाही.

क्रौंचाची मान सैल झाली. तो एका पायावर उभा राहिला, चोच पिसांत गेली. उजेड ओसरला तरी तो दिसत राहिला, जणू दिवसाचा उरलेला तुकडा पाण्यात राहून गेला होता. तिच्या तळव्याखाली सात पौंड स्तब्ध होते. पाण्यातला आणि छातीवरचा, या दोघांपैकी नक्की कोण झोपलंय, हे तिला काही वेळ सांगता आलं नसतं.

अंधारात सगळे ओळीनं परतले. गाडीशी आल्यावर एल्डननं विचारलं, "किती काढलेस?"

"एकही नाही." तिनं झडप दाखवली.

तो आधी बघतच राहिला, मग तोंडावर हात दाबून हसू लागला. "अगं, इतकी वर्षं जगाला दटावत होतीस! आणि खांदा?"

हाड कुठं आहे ते तिला बोटांनी चाचपून शोधावं लागलं. "कुठला खांदा?"

एल्डननं गाडीचं दार उघडून धरलं. "मग ब्रेनाला काय कळवू?"

"कॅमेऱ्याऐवजी कोबी-खिम्याचे चार बन पाठव तिला," आर्डिस म्हणाली. "आणि तुझ्या जुन्या कोटाची लाकडी बटणं काढून ठेव. उद्या सकाळी झडपेला लावते."

मागं नदी अजून गुरगुरत होती. झडपेवरचा हात तिनं अजून उचलला नव्हता.