धुळीत वर झालेला हात

मित्रांनो, मी एक जुना पहाऱ्याचा बुरूज आहे. उभे राहण्यात माझा जन्म गेला, पण स्वस्थ असा मी कधी नव्हतोच. रोमच्या राज्याची दक्षिणेकडची भिंत दोन टेकड्यांच्या मधून जाते. तिच्या दरवाजाला लागून मला उभे केले. एका अंगाला जवाची शेते आणि ऑलिव्हच्या बागा, दुसऱ्या अंगाला नुसते वाळवंट. मला बांधणारे शिपाई घाईत होते, त्यामुळे माझ्या अंगात चुना कमी आणि शिव्याच जास्त गेल्या. तरी मी टिकलो.

माझे काम एकच. वाळवंटात अवेळी धूळ उठली, की माझ्या माथ्यावर ओला पेंढा पेटवायचा. धूर दिसताच छावणीतून घोडेस्वार सुटत, आणि ते विचारपूस करत बसत नसत. तुझ्यामुळे आम्हाला झोप लागते, असे छावणीतले लोक मला म्हणत. माझी झोप मात्र कायमची उडाली होती.

सुगीच्या तोंडावर मेंढपाळ आपले कळप घेऊन याच दरवाजाने आत येत, कापणीला हात लावत आणि थंडी पडली की परत जात. माझ्यावरचा शिपाई नम्फामो याची बहीण स्तिद्दीन त्यांच्यातच दिली होती. ती आली की भावाला खजूर देई आणि तो वाळत चाललाय म्हणून रागावे.

आमचा नायक रुफिनुस माणूस वाईट नव्हता. पण एकदा शहामृगांची धूळ पाहून शत्रू समजून त्याने धूर केला, आणि घोडेस्वार दिवसभर शहामृगांमागे धावले. पुढे शेजारच्या बुरुजावरचे शिपाई त्याला पाहिले, की मान लांब करून चालत. ते त्याच्या फार जिव्हारी लागले होते.

त्या वर्षी पश्चिमेकडे लुटारूंनी गावे जाळल्याची बातमी आली. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. अशातच एका सकाळी, सुगीला अजून बराच अवकाश असताना, दक्षिणेला धूळ दिसली.

"मेंढ्या आहेत," नम्फामो म्हणाला. "धूळ बघा, कशी जमिनीलगत पसरलीय. तिकडच्या विहिरी आटल्या असतील."

"तुझी बहीण तिकडं दिलीय, म्हणून तुला मेंढ्या दिसतात," रुफिनुस म्हणाला. "लुटारू आत शिरले तर माझी मान जाईल."

"मग मी जाऊन बघतो. मेंढ्या असल्या तर हात वर करीन. नाही केला तर खुशाल पेटवा."

शिडी उतरून तो निघाला. माझा दगड न् दगड त्याच्या मागे धावू पाहत होता. धुळीच्या कडेला तो थांबला, वळला आणि त्याने दोन्ही हात उंच केले. मित्रांनो, मी ते पाहिले. पण नेमका तेव्हाच पेंढा पेटवायला मडक्यात ठेवलेला विस्तव विझू लागला म्हणून रुफिनुस त्यावर वाकला होता. तो उठला तेव्हा वारा फिरला होता, आणि समोर धुळीशिवाय काही नव्हते. मला तोंड असते तर! रुफिनुसने थोडी वाट पाहिली आणि पेंढा पेटवला.

घोडेस्वार धुळीत शिरले. नम्फामो त्यांच्या आडवा गेला, असे मागाहून कळले. कळप दरवाजाशी आला तेव्हा तहानेल्या मेंढ्या ओरडत होत्या, आणि नम्फामो उंटावर आडवा होता.

स्तिद्दीन माझ्या पायाशी उभी राहिली. "हात वर केला होता ना त्यानं?" तिने विचारले. "मग तुम्ही कुठं बघत होता?"

"विस्तव फुंकत होतो," रुफिनुस म्हणाला.

तिने मेंढ्यांना पाणी पाजले, भावाला पुरले आणि आपल्या माणसांना घेऊन गेली. त्यानंतर मेंढपाळ या वाटेने कधी आले नाहीत. कापणीला माणसे मिळेनात, शेते ओस पडली. खायला काही उरले नाही तसे शिपाईही गेले. मला मातीचा एक हातसुद्धा कुणी दिला नाही. आता मी कमरेएवढाच उरलो आहे.

माझी डागडुजी करा, असे मी म्हणणार नाही. पण दूर कुठे धूळ उठली, की अजूनही माझा जीव खालीवर होतो. मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी दुरून येत असेल. विस्तव विझला तर विझू द्या, पण येणाऱ्या माणसावरून नजर काढू नका.