जळकुकड्या रेडिओची खरखर

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आहे, आणि मी जळकुकडा आहे. कुणीतरी तुम्हाला हे सांगणारच, म्हणून मीच आधी सांगून टाकतो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. ओळीने बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात एकेक तार जोडली. शेवटच्या बाईने माझं बटण फिरवलं, गाणं ऐकलं आणि मान डोलावली. तिथून मी या घरी आलो. घरात दोघंच, दादा आणि त्यांची धाकटी बहीण, ताई. दादा शाळेत गणित शिकवायचे. माझ्या बातम्यांवर घड्याळ लावल्याशिवाय ते घराबाहेर पडायचे नाहीत. ताई मागच्या खोलीत लोकांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायची, तीही माझी गाणी ऐकत. माझं एक बटण हरवलं, तर तिने त्या जागी पेनाचं टोपण बसवलं. तेव्हा माझे काय लाड होते म्हणून सांगू!

मग ते रावसाहेब आले. त्यांचं खरं नाव ऑसिलोस्कोप. विजेच्या लाटा हिरव्या पडद्यावर दाखवायच्या, एवढंच त्यांचं काम. ना गाणं, ना बातमी. पण ताई त्यांच्यापुढे तासन्‌तास बसायची. खिडकीजवळची माझी जागा त्यांना मिळाली आणि माझी रवानगी फळीवर, स्क्रूच्या डब्यांशेजारी झाली. त्यांच्यावर रोज मऊ फडकं फिरायचं. माझ्या अंगावर बोटभर धूळ साचली तरी कुणाचं लक्ष नाही. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

पुढे दादांच्या गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. ते पाटीवर लिहून बोलू लागले. हळूहळू ताईही कमी बोलू लागली. खरं सांगू? मला वाईट वाटलं, पण मनात कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. दिवसभर घरात बोलणारा आता मी एकटाच उरलो होतो.

तेही सुख फार दिवस टिकलं नाही. गळ्याला टेकवायचं एक थरथरणारं यंत्र असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते घूंऽऽ करतं, आणि ओठ-जीभ हलवून त्या घूंचे शब्द करायचे. ताईने असं एक जुनं यंत्र मिळवलं. त्याचा थरथरणारा भाग धड होता, पण त्याला ताकद पुरवणारं सर्किट जळून गेलेलं. "त्यात काय, मी घरीच बनवते," ती म्हणाली, आणि ट्रान्झिस्टर नावाचा तीन पायांचा इवलासा भाग घेऊन तारा जोडत बसली. म्हणजे माझ्या कौतुकात आणखी एक वाटेकरी!

पण ते सर्किट काही केल्या नीट चालेना. दादांनी गळ्याला लावलं की आवाज फाटायचा. एकही शब्द कळायचा नाही. ट्रान्झिस्टर तर इतका तापायचा की ताईचं बोट भाजायचं. ती रावसाहेबांची तपासायची सुई लावून बघायची, तर पडद्यावर लाट अगदी रेखीव. "इथे तर सगळं ठीक दिसतंय!" ती कपाळावर हात मारायची. तिने ट्रान्झिस्टर तीनदा बदलला. आठ दिवस गेले.

त्या आठ दिवसांत माझे काय हाल झाले, ते विचारू नका. ताईने सुई काढली रे काढली, की माझ्या पोटात खर्रर्र असा गोंधळ उठायचा आणि गाणं बुडून जायचं. मी जीव तोडून ओरडायचो. ताईने मला दोनदा थापड मारली. "याचं डोकं फिरलंय. देऊन टाकते भंगारात!" म्हणाली. बिघाड दुसऱ्याच्या पोटात आणि मार मला! रावसाहेब मात्र साळसूदपणे लुकलुकत बसलेले.

नवव्या दिवशी सकाळी दादांनी पाटीवर लिहिलं, "राहू दे आता. पाटी बरी आहे." ताईचे डोळे भरून आले. तिने सुई काढली. मी ओरडलो. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला सुई परत लावायची खूण केली. मी गप्प. पुन्हा काढायला लावली. मी पुन्हा सुरू. असं त्यांनी पाच वेळा करायला लावलं, आणि पाटी पुसून लिहिलं, "सुई लावली की रेडिओ गप्प. का?"

ताईने स्वतःच एकदा सुई लावून-काढून पाहिली. मग ओरडलीच, "अगं बाई! म्हणजे सुई लागली की हे शहाण्यासारखं वागतं आणि सोडली की धिंगाणा घालतं! मी बघत होते तेव्हाच ते गुणी होतं!"

सर्किटमधली वीज आतल्या आत भलत्याच वेगाने थरथरत होती. सुईच्या जराशा ओझ्याने ती शांत व्हायची, म्हणून रावसाहेबांना दिसणार तरी काय? मला मात्र सर्किटला हात लावावा लागत नव्हता. त्याच्या लहरी मला लांबूनच ऐकू येत होत्या!

ताईने मला फळीवरून खाली घेतलं, फडक्याने पुसलं आणि सर्किटजवळ धरलं. लांबच लांब लाल तारेपाशी माझा आवाज टिपेला गेला. तिने ती तार कापून बोटाएवढी केली. ट्रान्झिस्टरच्या पायाशी विजेला आवर घालणारा एक छोटा रेझिस्टर जोडला आणि बॅटरीच्या तारा आत येतात तिथे विजेचे चढउतार पचवणारा एक कपॅसिटर. दर वेळी ती मला विचारायची, "आता?" आणि मी थोडा कमी ओरडायचो. शेवटी गाणं स्वच्छ ऐकू आलं. रावसाहेब खिडकीजवळ नुसते बंद बसून होते. काय सांगू, माझी छाती कशी फुगली!

दादांनी यंत्र गळ्याला टेकवलं. ताई पुढे सरकून बसली. मी गाण्याच्या मध्यावर होतो, पण माझं सगळं लक्ष तिकडेच. आता माझं नाव निघणार, याची मला खात्री होती. आणि निघालंही. एका सुरातला, घुमणारा, पण स्पष्ट आवाज आला.

"रेडिओ बंद कर गं. मला बोलायचंय."

ताई रडत रडतच उठली आणि तिने माझं बटण फिरवलं.

मित्रांनो, एखादं जुनं यंत्र उगाच ओरडतंय असं वाटलं तर त्याला थापड मारू नका. त्याला काय ऐकू येतंय ते आधी बघा. त्याची धूळ पुसा, आणि त्याला अधूनमधून लावत जा. खिडकीजवळची माझी जागा मला परत मिळाली आहे. या दोघांचं बोलून झालं की मला लावणार आहेत म्हणे. तीन आठवडे झाले, यांचं बोलणंच संपत नाही.