डाव्या हाताची गोधडी

मी गोधडी बोलतेय. उबदार आहे, अंगाने थोडी जाड आहे आणि एका कडेला चक्क वाकडी आहे. त्या वाकड्या कडेची हकीकत सांगितल्याशिवाय मी काही घडी घालून घेणार नाही.

माझा जन्म ठाकुर्लीच्या चाळीत, शकूच्या खोलीत झाला. विठ्ठलवाडीला दिलेल्या तिच्या लेकीला, प्रीतीला, दिवस गेल्याचं कळलं आणि शकूने त्याच दिवशी ट्रंक उघडली. बुद्धपौर्णिमेला नेसायची तिची पांढरी साडी विरून मऊ झाली होती, तिचं माझं अस्तर झालं. वर आले प्रीतीचे लहानपणचे फ्रॉक.

शकू डावखुरी. तिचा टाका डावीकडून उजवीकडे धावतो, सरळ आणि तांदळाच्या दाण्याएवढा. पण दोन ओळी झाल्या की ती सुई खोचून ठेवायची. "एकटीनं काय शिवायचं? बोलायला कोणीतरी पाहिजे," असं मलाच सांगायची. प्रीती सासरी गेल्यापासून त्या खोलीत बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मग तिने मला पिशवीत घातलं आणि गोधडी शिवणाऱ्या बायका शोधायला निघाली.

ठाण्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये कल्पिता नावाची मुलगी वर्ग घ्यायची. टेबलं, पट्ट्या, एकसारखे कापलेले चौकोन. "काकू, जुनं कापड आम्ही इथे नाही वापरत," ती गोड आवाजात म्हणाली. मला रागच आला. पण निघताना तिने शकूला एक बारीक सुई दिली आणि पुढे त्याच सुईने मी पूर्ण झाले, तेव्हा तिचे आभार.

डोंबिवलीचा ग्रुप हौशी. एक टाका, दोन फोटो. शकू तिथे रमलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी एकजण म्हणाली, "अहो ताई, डाव्या हाताने? पहिलं बाळ येतंय घरात. उजव्याने घाला ना!" कुणी हसलं नाही, पण कुणी तिला गप्पही केलं नाही.

घरी येऊन शकूने माझी एक अख्खी कड उसवली आणि उजव्या हाताने शिवायला घेतली. तीनदा सुई टोचली. टाके कुठे लांब, कुठे आखूड. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला, ऊब द्यायलाच जन्मलेल्या गोधडीला, काही करता येत नव्हतं. मग तिने मला माळ्यावर टाकलं. दोन महिने मी तिथे धूळ खात पडले. प्रीतीला सातवा लागला होता.

शेवटी शकूच्या मैत्रिणीने, संचिताने, तिला ओढूनच आंबिवलीला नेलं. तिथे तुळसाबायच्या ओट्यावर दुपारी चौघीजणी शिवायला बसतात. तुळसाबायच्या भातशेतीवर आता इमारती आहेत, पण बसायला तिला ओटाच लागतो. तिने मला पसरलं.

"ही कड कोनी शिवली गो? हात कापतंय का तिचा?"

"मीच," शकू म्हणाली. "उजव्या हातानं."

"आनि ही सरळ?"

"ती पण मीच. डाव्या."

शकू मला गुंडाळायलाच लागली होती. तुळसाबायने भिंतीकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "थांब गो. तिकरं आमचं उजवं कोपर भिंतीला आपटतं. चार वर्सं कोनी बसत नाय. ती जागा तुजी."

शकू बसली. भिंत उजवीकडे, हात डावा. कोपर कुठेच आपटलं नाही. त्या दुपारी तिने अकरा ओळी घातल्या आणि ती इतकं बोलली की चहा दोनदा गार झाला.

महिन्याभरात मी पुरी झाले. वाकडी कड उसवायला शकूने कात्री घेतली होती, मग स्वतःच खाली ठेवली. "राहू दे," म्हणाली. "दोन्ही हात माझेच आहेत."

उद्या मी विठ्ठलवाडीला जाणार. शकू मात्र परत त्या कोपऱ्यात बसणार, तुळसाबायची गोधडी शिवायला घ्यायची आहे. तिला आता एकटीने माझ्याशीच बोलत बसावं लागणार नाही, याचाच मला सगळ्यात जास्त आनंद आहे. त्या ओट्याचे उपकार मी विसरणार नाही.

आणि बाळा, तुला एवढंच सांगते. थंडी वाजली की मला ओढून घे. जो हात आधी पुढे येईल, त्याच हाताने.