चॅपलच्या हॉलमधला बंब

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर आधी हसाल. मोठं पोट, खाली एक नळ, डोक्यावर झाकण आणि अंगभर पोचे. चहाचं पाणी उकळणारं भांडं मी; इथले लोक मला अर्न म्हणतात. मला मात्र शांताबाईंनी दिलेलं नाव आवडतं. मला पहिल्यांदा पाहून त्या म्हणाल्या होत्या, "हा तर आपला बंबच की!" मराठीही मी त्यांच्याकडूनच शिकलो, म्हणून माझी हकिगत त्यांच्याच भाषेत सांगतो.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. मोठं युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती. पत्रा ठोकून मला गोल केलं, आत विजेचं वेटोळं बसवलं आणि इंग्लंडातल्याच रीडिंग गावात, एका चॅपलच्या, म्हणजे लहानशा चर्चच्या, हॉलमध्ये आणून ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे. या देशात काहीही झालं की आधी चहा ठेवतात. बारसं असो, लग्न असो, कुणाला पोचवून आलेली मंडळी असोत, सगळी माझ्यासमोर शिस्तीत रांग लावत. दुःखाबद्दल कुणी बोलत नसे, पावसाबद्दल बोलत. नुकतंच नवऱ्याला पुरून आलेली बाई कप हातात धरून म्हणे, "यंदा उन्हाळा काही आलाच नाही." तिच्या थंड हातांना ऊब मिळते आहे, याचा मला अभिमान वाटे. त्या कपातली पत्ती कुठल्या मळ्यातून येते, कुणाच्या बोटांनी खुडलेली असते, हे मात्र त्या हॉलमध्ये कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

माझी देखभाल डोरीन करायची. लहानपणी आईचं बोट धरून आली आणि पुढे तीच माझी मालकीण झाली. इथल्या पाण्यात चुना फार. तो माझ्या पोटात साचला की ती व्हिनेगर घालून घासून काढायची. तिचा नवरा केन गेला, मुलगा ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. चॅपलला येणारी माणसं म्हातारी झाली, मग हळूहळू यायची थांबली. तरी डोरीन मला गळ्यापर्यंत भरायची. "कोण येईल सांगता येत नाही," असं पुटपुटायची. कुणी येत नसे. संध्याकाळी ते सगळं कोमट पाणी ती मोरीत सोडून द्यायची.

मग रविवारी दुपारी हॉल काही मराठी कुटुंबं भाड्यानं घेऊ लागली. टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवून ती वंदना म्हणत. त्यांतला प्रज्ञेश जवळच्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याची आई, शांताबाई, नागपूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. दिवसभर मुलगा-सून ऑफिसात, नात तनिषा शाळेत. इंग्रजी येत नाही, रस्ते कळत नाहीत, त्यामुळे शांताबाई आठवडाभर खिडकीशी बसून काढायच्या आणि रविवारची वाट पाहायच्या.

पहिल्याच रविवारी विपरीत घडलं. डोरीननं सगळ्यांना हॉलच्या हिरव्या कपांतून चहा दिला. शांताबाईंना मात्र कपाटातून निळ्या काठाचा एक वेगळाच कप काढून दिला. शांताबाईंनी आपल्या हातातला कप पाहिला, मग इतरांच्या हातातले पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. कप तसाच टेबलावर ठेवून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"आई, काय झालं?" प्रज्ञेशनं विचारलं.

"काही नाही. मला नको चहा."

"अगं, ती बिचारी इतक्या प्रेमानं देतेय. असं बरं दिसतं का?"

शांताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या गावच्या हॉटेलात आपल्या माणसांसाठी वेगळा कप असायचा. बाहेर खुंटीला टांगलेला. आपणच काढायचा, आपणच धुवायचा. तुझ्या आजोबांनी त्या कपाला जन्मात हात लावला नाही. चहा साहेबानं आणला, कप मात्र आपल्याच देशातल्या लोकांनी वेगळा केला. इथे येऊनही तेच बघायचं का रे?"

तनिषानं ते ऐकलं आणि सरळ डोरीनला इंग्रजीत जाऊन सांगितलं. डोरीनचा हात माझ्या नळावरच थांबला. मग ती जे बोलली ते तनिषानं आजीला सांगितलं, "आजी, तो कप तिची नवऱ्याचा आहे. तो डेड झाली. सगळ्यात बेस्ट कप तोच आहे. तू गेस्ट ना, म्हणून तुला दिली."

डोरीननं दोन हिरवे कप घेतले, माझ्याखाली धरून भरले, एक शांताबाईंपुढे केला आणि दुसऱ्याला स्वतः तोंड लावलं. शांताबाई उठल्या. उभ्या उभ्याच दोघी चहा प्यायल्या. नंतर शांताबाईंनी केनचा कप जपून धुतला, पदरानं पुसला आणि हिरव्या कपांच्या रांगेत ठेवला. डोरीननं तो तिथून हलवला नाही.

त्या दिवसापासून माझे चांगले दिवस आले. वंदनेच्या बऱ्याच आधी दोघी येऊन बसत. शांताबाई आलं ठेचून आणत. पहिल्या घोटाला डोरीनला जबरदस्त ठसका लागला, पण पुढच्या रविवारी तिनंच आलं मागितलं. एक मराठीत बोले, दुसरी इंग्रजीत, आणि दोघी एकदमच हसत. या भिंतींनी इतकं हसणं कधी ऐकलं नव्हतं.

व्हिसा संपत आला. शेवटच्या रविवारी शांताबाईंनी डोरीनचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "येते गं."

डोरीननं तनिषाला अर्थ विचारला.

"ती येणार आहे, असं म्हणते," तनिषानं सांगितलं.

आपल्याकडे जाताना 'जाते' म्हणत नाहीत, हे त्या मुलीला तरी कुठे ठाऊक होतं?

पुढच्या रविवारी डोरीननं मला भरलं, दोन कप मांडले आणि दाराकडे तोंड करून बसली. त्यानंतरच्या रविवारीही. लोक येत, वंदना होई, लोक घाईत निघून जात. ती कुणाला विचारत नसे. विचारणं तिच्या स्वभावातच नव्हतं. शेवटी एकदा प्रज्ञेशच्या लक्षात आलं. तो तिच्याजवळ बसला. "डोरीन, सॉरी. आई नागपूरला परत गेली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"हो का," डोरीन म्हणाली. "तिकडे हवा छान असेल."

प्रज्ञेशनं तिथूनच आईला फोन लावला. पडद्यावर शांताबाई दिसल्या. "अगं बाई, जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"इथे पाऊस पडतोय," डोरीन म्हणाली आणि माझ्या गरम अंगाला टेकून रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

त्या हिवाळ्यात ती घरात पडली. तिला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नेलं. शांताबाईंना पुन्हा व्हिसा मिळाला नाही. मराठी मंडळींनी दुसरा, मोठा हॉल घेतला. माझी वायर जुनी झाली म्हणून मला जिन्याखालच्या कपाटात ठेवलंय. इथे अंधार आहे आणि पोटातला चुना आता घट्ट होत चाललाय.

मित्रांनो, जुनी भांडी वापरत राहा, आम्ही वापरानंच टिकतो. कुणाचा निरोप घ्याल तेव्हा तो समोरच्याला नीट कळला ना, तेवढं बघा. आणि तुमच्या गल्लीत कुणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल, तर त्याचं दार वाजवा. चहा ते ठेवेल. तुम्ही फक्त जा.